गाडी खाली, चाकं रुंद: अलाइनमेंटचा हिशेब स्प्रिंगच्या आधी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मागच्या चाकांवर चालणारी दोन दारांची स्पोर्ट्स कार, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या दांड्यावर), मागे मल्टिलिंक (चाक अनेक आर्मनी धरलेलं). कंपनीची चाकं १७ बाय ७ (इंचात व्यास आणि रुंदी), ऑफसेट ४८ (रिमची मधली रेषा आणि तिची गाडीला टेकणारी बाजू यांतलं मिमीमधलं अंतर), टायर २१५/४५ (मिमीत रुंदी आणि तिच्या टक्क्यांत बाजूची उंची). आता कॉइलओव्हर (कॉलर फिरवून उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकची जोडी) बसवून गाडी ४० मिमी खाली घ्यायची, १८ बाय ९.५, ऑफसेट ३८ च्या चाकांवर २५५/३५ टायर चढवायचे आणि मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्यायची. त्यात आकडे कोणते सांगावेत, कंपनीचे आकडे चालतील का, आणि कॅम्बर (चाकाचा माथा झुकण्याचा कोन; आत झुकला की उणे, म्हणजे निगेटिव्ह) वाढवला तर गाडी टायर खाईल का, हे तुम्हाला हवंय.

आकडे देतो, पण आधी तुमच्या क्रमाशी भांडतो. ‘आणि मग अलाइनमेंट’ इथेच गाडं अडतं. गाडी किती खाली येते यावर कॅम्बर ठरतो, टो (वरून पाहता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळण्याचा कोन) सरकतो, लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो. हे सगळं आधी होऊन बसलं की अलाइनमेंटवाल्याच्या हातात फक्त उरलेलं राहतं. तुमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांना पुढे कॅम्बरची सोयच नसते, मागे फक्त टो फिरतो. माझ्दा एमएक्स-५ सारख्या गाडीला चारही कोपऱ्यांत एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवले की कोन बदलणारे) असतात, तिथे चूक निभावून जाते. इतरत्र मशीनवाला टो जुळवून देतो, कागदावर बाकी सगळं लाल राहतं आणि तो म्हणतो, ‘एवढंच होतं हिच्यात.’ तो खरंच बोलतोय. म्हणून आधी कोन ठरवा, मग ते कोन देणारी उंची ठरवा आणि चाकं सगळ्यात शेवटी.

टायर खाण्याचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण सगळी भीती तिथेच आहे.

एकदा माझ्याकडे एक गाडी आली. पुढचे दोन्ही टायर बाहेरून बघितले तर नव्यासारखे. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड बघितली तर तारा दिसत होत्या. मालक ठाम होता की कॅम्बरने खाल्लं, शून्यावर आणा. मशीनवर घेतली. कॅम्बर दोन्हीकडे उणे २.३ अंश, म्हणजे जास्त पण चमत्कारिक नाही. टो मात्र एकूण ०.५० अंश बाहेर. विचारल्यावर कळलं की अलाइनमेंट झाल्यावर घरी कॉलर फिरवून त्याने गाडी आणखी १५ मिमी खाली घेतली होती. टाय रॉडची (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याची) लांबी तीच राहिली, पण आर्म आणि टाय रॉड यांचे कोन बदलले आणि चाकांची तोंडं बाहेर वळली.

आता हिशेब करा. एकूण ०.५० म्हणजे एका चाकाला ०.२५ अंश. चाक सरळ जायच्या दिशेशी एवढा कोन करून चालत असेल तर प्रत्येक किलोमीटरमागे ते साधारण ४.४ मीटर आडवं घासत जातं. हजार किलोमीटरला ४.४ किलोमीटर आडवी फरफट. कॅम्बरने एवढंच केलं की ही फरफट पूर्ण रुंदीवर वाटली जायच्या ऐवजी आतल्या कडेवर गोळा केली. त्या गाडीचा कॅम्बर मी हलवला नाही. टो शून्यावर आणला, नवे टायर घातले, आणि पुढच्या वेळी गाडी आली तेव्हा आतली कड थोडी जास्त झिजलेली होती, इतकंच. खातो तो टो. कॅम्बर फक्त कुठून खायचं ते दाखवतो.

हे तुम्हाला मशीनशिवायही कळतं. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागत असेल तर तो टोचा दोष. आतून बाहेर जाताना टोचलं तर टो-इन जास्त, बाहेरून आत येताना टोचलं तर टो-आउट. नुसत्या कॅम्बरची झीज कडेला उतरती असते, पण हाताला गुळगुळीत लागते.

आता तुमची चाकं. रुंदी आणि ऑफसेट हे दोन वेगळे आकडे आहेत आणि लोक ते एकत्र कालवतात. ७ इंच म्हणजे १७७.८ मिमी, ९.५ इंच म्हणजे २४१.३. फरक ६३.५, त्याचा अर्धा भाग, म्हणजे पावणेबत्तीस मिमी, आत जातो आणि अर्धा बाहेर. त्यात ऑफसेट ४८ चा ३८ झाला, म्हणजे सगळं चाक आणखी १० मिमी बाहेर सरकलं. तर रिमची बाहेरची कड जवळजवळ ४२ मिमी बाहेर येणार आणि आतली कड जवळजवळ २२ मिमी आत, स्ट्रटच्या दिशेने. टायरची फुगीर बाजू वेगळी.

इथे कोणीतरी सांगतोच की थोडा कॅम्बर दे, वरची कड मडगार्डच्या आत जाईल. जाते, पण किती? तुमच्या टायरचा व्यास साधारण ६३६ मिमी होईल. एका अंशाला टायरचा माथा हबच्या (चाक जिथे बसतं त्या मधल्या भागाच्या) तुलनेत जेमतेम साडेपाच मिमी आत झुकतो. दोन अंशांना अकरा. ४२ मिमीचं दुखणं ११ मिमीच्या मलमाने बरं होत नाही. त्यासाठी कॅम्बर वाढवत गेलात तर चाक मडगार्डात बसेल, पण रस्त्यावर बसणार नाही. रुंद टायर तर कॅम्बरला जास्तच नाजूक. त्याचा रस्त्याला टेकलेला ठसा आडवा लांब आणि पुढे-मागे आखूड असतो, त्यामुळे तेवढाच कोन झाला तरी बाहेरची कड लवकर हलकी पडते. अरुंद टायरला जो कॅम्बर मानवला, तोच रुंद टायरला सरळ धावताना जड जातो.

ऑफसेट १० मिमीने घटला की चाकाची मधली रेषा १० मिमी बाहेर गेली, आणि स्टिअरिंगच्या अक्षापासून तेवढंच अंतर वाढलं. यालाच स्क्रब रेडियस म्हणतात. नुसती रुंदी वाढवली असती आणि ऑफसेट तोच ठेवला असता तर हे झालं नसतं. आता रस्त्यावर चाकोरी आली, एका बाजूला खड्डा आला, ब्रेक एका बाजूला जास्त पकडला, की त्याचा झटका थेट हातात येणार. रुंद टायरवाल्या गाड्या ‘रस्त्याचा वास घेत चालतात’ असं लोक म्हणतात, त्यातला मोठा वाटा याचाच. त्यावर टो-आउट दिला तर गाडी दर चाकोरीमागे धावते.

आतल्या २२ मिमीवर मात्र कॅम्बरची पद्धत महत्त्वाची, आणि हे फार कमी लोक सांगतात. स्ट्रटच्या गाडीत कॅम्बर दोन ठिकाणांहून देता येतो. एक, स्ट्रट आणि नकल (हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक एक्सेंट्रिक टाकून. यात स्ट्रट जागेवर राहतो आणि चाक त्याच्याकडे झुकतं, म्हणजे आधीच कमी झालेली जागा आणखी खाल्ली जाते. दुसरी पद्धत वरून, कॅम्बर प्लेटने, म्हणजे स्ट्रटचं वरचं टोक सरकवणाऱ्या प्लेटने. त्यात स्ट्रट आणि चाक एकत्र झुकतात, त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं. शिवाय काही प्लेट कॅस्टरही (बाजूने पाहता स्टिअरिंगचा अक्ष मागे झुकण्याचा कोन) थोडा वाढवू देतात. एवढं रुंद चाक घालायचं असेल तर प्लेटच घ्या. एक्सेंट्रिक बोल्ट स्वस्तात मिळतो म्हणून तो टाकायचा आणि मग जागा होत नाही म्हणून स्पेसर (हब आणि चाक यांच्यामधली चकती) टाकायचा, स्पेसरमुळे चाक पुन्हा बाहेर, हा खेळ मी बऱ्याचदा सोडवलाय.

बसतंय की नाही हे उभ्या गाडीवर बघू नका. स्ट्रटमधली स्प्रिंग काढा, बम्प स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की लागणारा रबरी ठोकळा) ठेवा, स्ट्रट परत बसवा, गाडी स्टँडवर घ्या, चाक लावा आणि आर्मखाली जॅक लावून चाक हळूहळू वर उचला, बम्प स्टॉप दबेपर्यंत. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. मडगार्डच्या कडेला आणि आतल्या प्लास्टिकला मुलांच्या खेळातली चिकणमाती चिकटवून ठेवा, जिथे टायर लागेल तिथे ठसा उमटतो. स्ट्रटच्या बाजूला मी ५ मिमीपेक्षा कमी जागा सोडत नाही. एक दुपार जाते यात. पण नव्या टायरची बाजू चिरल्यावर कळण्यापेक्षा ते परवडलं.

आता ४० मिमीचं. एक गंमत लक्षात घ्या: २१५/४५ आर१७ चा व्यास साधारण ६२५ मिमी, २५५/३५ आर१८ चा ६३६. म्हणजे टायरमुळे गाडी ५ मिमी वर जाणार आणि कॉइलओव्हरमुळे ४० खाली. जमिनीपासून मोजाल तर ३५ दिसतील, पण सस्पेन्शन मात्र पूर्ण ४० दबलेलं. म्हणून उंची जमिनीपासून कधी मोजू नये, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत मोजावी. चारही कोपऱ्यांचे हे आकडे स्प्रिंग काढायच्या आधी लिहून ठेवा. नंतर ते कुणाकडेच सापडत नाहीत.

स्ट्रटच्या गाडीत कंपनीच्या उंचीला लोअर आर्म बाहेरच्या टोकाला किंचित खाली उतरलेला असतो किंवा जवळपास आडवा. गाडी खाली घेतली की बाहेरचं टोक वर येतं. सुरुवातीला बॉल जॉइंट (आर्म आणि नकल यांचा सांधा) बाहेर ढकलला जातो आणि थोडा निगेटिव्ह कॅम्बर फुकटात मिळतो. आर्म स्ट्रटच्या अक्षाशी काटकोनात आला की ही कमाई थांबते आणि त्यापुढे सस्पेन्शन दबेल तसा कॅम्बर परत जायला लागतो. वळणावर बॉडी समजा २.५ अंश कलली आणि सस्पेन्शनने बाहेरच्या चाकाला जेमतेम अर्धा अंश परत दिला, तर चाक रस्त्याच्या तुलनेत दोन अंश बाहेर झुकलं. हे दोन अंश उभ्या गाडीतच उणे म्हणून साठवून ठेवावे लागतात. खाली घेतलेल्या स्ट्रटच्या गाडीला जास्त कॅम्बर लागतो तो यासाठी. दिसायला बरं वाटतं म्हणून नव्हे.

त्याहून वाईट गोष्ट रोल सेंटरची, म्हणजे वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते त्याची. वरच्या माउंटमधून स्ट्रटला काटकोनात एक रेषा आणि आर्मच्या दिशेने दुसरी, या दोन्ही जिथे मिळतात त्या बिंदूवरून रोल सेंटर ठरतं. आर्मचा कोन थोडा बदलला तरी हा बिंदू खूप हलतो. गाडीचा गुरुत्वमध्य ३५-४० मिमी खाली आला, पण पुढचं रोल सेंटर त्याच्या कितीतरी पट खाली गेलं, म्हणजे दोघांमधलं अंतर उलट वाढलं. गाडी खाली घेऊन ती जास्त कलते, ही तक्रार वेडेपणाची वाटते पण खरी असते. कडक स्प्रिंग टाकून ती झाकली जाते, बरी होत नाही. बरी करायची तर आर्मचं बाहेरचं टोक परत खाली न्यावं लागतं, लांब दांड्याचे बॉल जॉइंट किंवा नकलखालचे ब्लॉक घालून. आणि ते घातले की टाय रॉडचं टोकही तेवढंच खाली न्यायचं, नाहीतर आर्म एका कमानीत फिरतो, टाय रॉड दुसऱ्या, आणि दर गचक्याला चाक आपोआप थोडं वळतं. हात स्टिअरिंगवर स्थिर आहे आणि गाडी मात्र खड्ड्यागणिक दिशा बदलते, तो हा बम्प स्टीअर. उभ्या गाडीवरची अलाइनमेंट यात काहीही करू शकत नाही. स्प्रिंग काढलेली असतानाच चाक दहा-दहा मिमी उचलून टो मोजला तर तो कागदावर दिसतो.

आणि प्रवास. सस्पेन्शनला वर दबायला समजा ७० मिमी होते, त्यातले ४० तुम्ही उभ्या-उभ्या खाल्ले, तर ३० उरले. वळणाच्या मध्यावर गचका आला की बम्प स्टॉप लागतो, त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम कित्येक पट होतो आणि ते टोक सुटतं. शॉकच्या दांड्यावर एक केबल टाय सैलसर बांधून ठेवा. गाडी चालवून आल्यावर तो कुठे सरकलाय ते बघितलं की किती प्रवास खर्च झाला ते कळतं.

म्हणून माझं मत: २५ मिमीवर थांबा. चाकं १८ बाय ८.५, ऑफसेट ४५, टायर २४५/३५. बाहेर २२ मिमी, आत १६, स्क्रब रेडियस जवळपास मूळचाच, व्यासात अर्ध्या टक्क्याचा फरक. ९.५ ची हौस असेल तर प्लेट, बॉल जॉइंट, मागचे आर्म आणि मडगार्डची कड दुमडणं हे सगळं त्या हौसेच्या यादीत आधीच धरा. टायर कोणताही घेतला तरी त्याचा लोड इंडेक्स (वजन पेलण्याचा आकडा) मूळच्या टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका.

मागच्या मल्टिलिंकची गोष्ट उलटी आहे. तिथे सस्पेन्शन दबलं की कॅम्बर वाढतच जातो. ४० मिमी खाली घेतल्यावर मागे अनेकदा २ अंशांच्या पुढे गेलेला असतो आणि पुढे मात्र सोयच नसल्याने जेमतेम एक. मागे जास्त, पुढे कमी, म्हणजे गाडी नाक बाहेर काढत वळणार. त्यामुळे मागे कॅम्बर कमी करायला बदलता येणारे आर्म लागतात. टोही सोबत सरकलेला असतो, तो तर हमखास बघायचा.

आता आकडे. रोजची गाडी, अधूनमधून जोरात: पुढे कॅम्बर उणे १.२ ते १.५, टो एकूण शून्य ते ०.१० अंश आत. मागे कॅम्बर उणे १.३ ते १.७, टो एकूण ०.१५ ते ०.३० आत. ट्रॅकवर नेणार असाल आणि टायरही त्या जातीचे असतील: पुढे उणे २.२ ते २.८, टो शून्य, मागे उणे १.६ ते २.२, टो एकूण ०.१५ ते ०.२५ आत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागे टो-आउट कधीही नको. जोर दिल्यावर किंवा ब्रेक लागल्यावर बुश (आर्मच्या सांध्यांतली रबरं) दबतात, चाकं हलतात, आणि त्या क्षणी ती बाहेर तोंड करून असतील तर पाठ सुटते. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये ०.२ पेक्षा जास्त फरक ठेवू नका. कॅस्टर दोन्हीकडे सारखा, अर्ध्या अंशाच्या आत, आणि मिळेल तितका जास्त. पुढचं टोक मागच्यापेक्षा १० मिमी जास्त खाली घेतलं तर तेवढ्यानेच कॅस्टर ०.२ अंशाने कमी होतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

कंपनीचे आकडे तुम्हाला का चालत नाहीत ते आता दिसेल. ते कंपनीच्या उंचीचे, कंपनीच्या टायरचे आणि शेवटी नाक बाहेर काढणाऱ्या सुरक्षित स्वभावाचे आहेत. मशीनवरचा हिरवा रंग म्हणजे त्या पट्ट्यात आहे, बस. डावीकडे पट्ट्याचं हे टोक आणि उजवीकडे ते टोक असलं तरी दोन्ही हिरवेच, आणि गाडी ओढते. टो मिमीमध्ये सांगितला तर कोणत्या रिमवर मोजला ते विचारा. १ मिमी म्हणजे १८ इंची रिमवर ०.१२५ अंश आणि १५ इंचीवर ०.१५. अंशात बोला, भांडण मिटतं.

रॅम्पवर घेताना चालकाच्या वजनाइतकं वजन सीटवर, टाकी अर्धी, टायरमध्ये रोजची हवा. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका. रुंद टायर जमिनीला चिकटून राहतात, चाकं आत ओढलेलीच राहतात आणि गाडी खोटीच वर दिसते. दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, दाबून सोडा. आणि त्याच्याही आधी बुश. आर्मच्या रबरी बुशमध्ये मधली नळी बोल्टने आवळली जाते आणि रबर पिळ घेऊन आर्मला हलू देतं. स्प्रिंग बदलताना आर्म लोंबकळत असतो, त्याच अवस्थेत बोल्ट आवळला तर गाडी खाली बसल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी उंच बसते, आणि काही आठवड्यांनी रबर थकलं किंवा फाटलं की उंची उतरते, कोन बदलतात, दोष अलाइनमेंटवाल्यावर. मी चाकांवर भार असताना रॅम्पवर आर्मचे बोल्ट अर्धा फेरा सैल करतो. बऱ्याच गाड्या त्या क्षणी ‘टक्’ करून पाच-सहा मिमी खाली बसतात. मग गाडी दाबून सोडायची, बोल्ट नेमून दिलेल्या टॉर्कला आवळायचे, आणि मगच मशीन लावायचं.

क्रम मागून पुढे: मागचा कॅम्बर, मागचा टो, मग पुढचा कॅस्टर, कॅम्बर आणि सगळ्यात शेवटी पुढचा टो, कारण आधीचं काहीही हललं की टो हलतो. मागच्या दोन चाकांचा टो सारखा नसेल तर गाडी तिरकी चालते आणि सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं दिसतं. ते पुढच्या टाय रॉडने सरळ करणारे लोक आहेत. त्यांना तिथेच थांबवा. शेवटी स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर, हेडलाइटची पातळी, आणि काचेमागे कॅमेरा किंवा पुढे रडार असेल तर त्याचं कॅलिब्रेशन.

स्प्रिंग पहिल्या ५०० ते १००० किलोमीटरमध्ये थोड्या बसतात. तेव्हा हब ते कमान परत मोजा, तुमच्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी परत मशीनवर. नसेल तर नुसता तळहात टायरवरून फिरवा, दोन्ही दिशांनी.